दातात दोरा धरून

मला लिहिता येत नाय. शेजारचे मास्तर लिहून घेतायत. त्यांना म्हटलंय, बोललो तसंच ठेवा. माझा आवाज सुधारायला गेलेले सगळे थकले, तुम्ही कशाला त्या भानगडीत पडता?

आवाज कसा, तर कोपरीच्या मिठागरावर मी हाक मारली की खाडीतले बगळे उडायचे. माणसं म्हणायची, चला, भाकरीची वेळ झाली. एवढाच त्याचा उपयोग. पण नक्कल मात्र कुणाचीही करायचो, आणि सगळ्यात जास्त भजनी मंडळींची. दर एकादशीला ती मारुतीच्या देवळात बसायची आणि दुसऱ्या दिवशी मिठागरावर मी बसायचो. बुवा नाक कसं वर करतात, मृदंगवाला वाजवता वाजवता डुलक्या कशा काढतो, सगळं करून दाखवायचो. माणसं फावडी टाकून पोट धरायची. वीस वर्षं केलं हे. मंडळींच्या कानावर जात होतंच. म्हटलं, जाऊ दे, आपलं त्यांच्याशी काय काम?

काम निघालं.

बायकोला दिवाळीत खोकला लागला. संक्रांतीला पदरावर रक्त दिसलं. ठाण्याच्या बाजारातून वैद्य आणले. त्यांनी नाडी बघितली आणि माझ्याशी काही न बोलता चपला शोधायला लागले. चपला समोरच होत्या. मला हसू आलं. अशा वेळी पण मला हसूच येतं, काय करणार.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, "अवो, एक सांगू? हसायचं नाय."

"बोल."

"मला नेतील ना, तेव्हा मागं टाळ पायजेत."

तिचा बाप कल्याणच्या बाजूचा. पटकीच्या साथीत गेला. पटकीचा माणूस म्हणून चौघांनी उचलला आणि पळत नेला. मागं कुणी देवाचं नाव पण घेतलं नाय. ही तेव्हा सात-आठ वर्षांची, दारात उभी राहून बघत होती. "पोतं नेतात तसा नेला वो माझ्या बापाला," म्हणाली.

मी म्हटलं, "तू कुठं चाललीस एवढ्यात?"

ती हसली नाय. मग मीही नाय.

आता आमच्याकडं रीत अशी, की जो मंडळींबरोबर भजनाला बसतो त्याच्या घरी मंडळी येतात. बाकीच्यांकडं मन असलं तर येतात. वीस वर्षं त्यांचीच टिंगल केलेल्या माणसाच्या दारी कुणाचं मन यायचं? म्हणून ठरवलं, आपण भजनाला बसायचं. आणि बसायचं तर गाता आलं पायजे.

बुवा शिंपी होते. स्टेशनाजवळ दुकान. मी गेलो तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसलेली.

"बुवा, मला गाणं शिकायचंय."

बुवांनी मान वर केली नाय. "आता नक्कल माझ्याच दुकानात येऊन करणार का?"

"नाय बुवा, खरंच."

"वय किती तुझं?"

"चाळीस असेल. आई म्हणायची, आगगाडी पयली आली तेव्हा मी रांगत होतो."

"चाळिशीत लोकांचे दात पडतात. तुला गळा फुटला?"

गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. मला हसवायची सवय, हसं करून घ्यायची नाय.

"आणि हे कशासाठी?"

खरं सांगवेना. "देवाची ओढ लागलीय," म्हटलं. बुवांनी माझ्याकडं नीट बघितलं. "बस," म्हणाले.

दुपारी भरतीचं पाणी मिठागरात आत घेतलं की आम्हाला थोडी सवड असायची. तेवढ्यात मी दुकानात पळायचो. बुवा शिवता शिवता एक ओळ म्हणायचे, मग मी म्हणायचो. बुवा म्हणतात तस्सं म्हणायचो, जरा पण फरक नाय. महिना गेला तेव्हा एक दिवस बुवा वैतागले.

"अरे, तोंड का मिटून घेतोस? दाढ दुखते का?"

"तुम्ही म्हणता तसंच म्हणतोय बुवा."

बुवांनी सुई खाली ठेवली आणि दातातून काहीतरी ओढून माझ्या नाकासमोर धरलं. "गाढवा, हा दोरा आहे! शिवताना दातात धरतो मी. गाण्याचा काय संबंध?"

मी महिनाभर दात आवळून गात होतो. मला वाटलेलं, त्यातच सगळी विद्या आहे.

तोंड उघडलं तर पुढची पंचाईत. बुवांच्या आवाजात म्हटलं की सूर बरोबर लागायचा. माझ्या आवाजात म्हटलं की बगळे.

"हा माझा आवाज झाला," बुवा म्हणायचे. "तुझा काढ."

"मला नाय वो बुवा."

"सगळ्यांना असतो."

"खाडीतल्या पाखरांना विचारा."

बुवा हसले नायत. "वीस वर्षं दुसऱ्याच्या तोंडानं बोललास. आता स्वतःचं उघडायची लाज वाटते."

मी तसाच उठून घरी आलो.

घरी ती पडल्या पडल्या म्हणायची, "आज काय शिकलात? म्हणा." मी बुवांच्या आवाजात म्हटलं. ती म्हणाली, "परपुरुषाला कशाला आणता घरात? मी अशी पडलेली." मग माझ्या आवाजात म्हटलं. मधेच फाटला. ती कौलांकडं बघत राहिली.

"वाईट आहे," म्हणाली. "उद्या परत म्हणा."

फाल्गुनातल्या एकादशीला मला मंडळींत बसवलं. शेवटची रांग, डावीकडचं टोक. कुणी माझ्याशी बोललं नाय. मृदंगवाला तेवढा म्हणाला, "उद्या मिठागरावर आमचं काय काय दाखवणार?" भजन संपल्यावर देवळाच्या पायरीवर मी बुवांना खरं सांगून टाकलं. बायको चाललीय, तिला टाळ पायजेत, देवाबिवाची ओढ काही नाय.

बुवा म्हणाले, "मी येईन. दुसऱ्यांचं सांगत नाय. लोकांना लागलंय रे ते."

चैत्रात एका सकाळी ती गेली. बुवांकडं निरोप पाठवला. मिठागरावरची माणसं जमली, बांबू बांधून झाले, ऊन अंगणात आलं. गल्लीत कुणी नाय.

"उचलायचं का?" एकानं विचारलं.

"थांबा जरा."

दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही थांबा म्हटलं. तिसऱ्यांदा विचारायला त्यानं तोंड उघडलं आणि वळणावर टाळ वाजले. सगळे आलेले. मृदंगवाला पण, टक्क जागा.

मी आत धावलो, खुंटीवरचे टाळ काढले आणि येऊन मंडळींच्या शेवटच्या रांगेत, डावीकडं उभा राहिलो. तीन महिने ह्याच्यासाठीच तर शिकलेलो. बुवा मागं आले. माझ्या हातातून टाळ हळूच काढून घेतले.

"अरे, विस्तवाचं मडकं कोण धरणार?"

आम्हाला पोरबाळ नव्हतं. मडकं नवऱ्यानंच धरायचं. मडकं धरणारा सगळ्यात पुढं चालतो, तोंड मिटून, मागं न बघता. शंभर जणांना खांदा दिलेला मी, आणि हे माझ्या डोक्यातच आलेलं नव्हतं. गाणारा एक माणूस आणि बायको मेलेला दुसरा, असंच धरून चाललेलो.

मडकं घेतलं आणि निघालो. धूर डोळ्यात जात होता. मागं टाळ सुरू झाले. वीस वर्षं त्यांच्या नकला केलेल्या, त्यामुळं कुठला आवाज कुणाचा ते न बघता कळत होतं. बुवांचा, त्यांच्या मागच्याचा, उजवीकडच्या दोघांचा. शेवटच्या रांगेत डावीकडं कुणी म्हणत नव्हतं. खाडीवरच्या मसणापर्यंत मी तेवढंच ऐकत गेलो.

मागं बघायचं नसतं. मी बघितलं नाय.