लेकीचं पथ्य

माझी थोरली लेक सहाव्या वर्षी गेली. गाव म्हणालं, डबा झाला, छातीत कफ भरला. मी आजही म्हणते, तिला पथ्यानं मारलं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. पाटोद्याहून आमचं गाव बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. गोठ्यात दोन दुभत्या म्हशी होत्या, घरात दुधातुपाला तोटा नव्हता. पण लेकीला शिंक आली की सासूबाईंचा हुकूम सुटायचा. दूध बंद, दही बंद, तूप बंद, सगळं कफाचं! मग पंधरा दिवस ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज आणि मीठ. एक खोकला हटून दुसरा लागेपर्यंत मधे चार-आठ दिवस मिळायचे, तेवढेच तिचे खायचे. तिचा धाकटा भाऊ शेजारीच बसून साय चाटायचा. त्याला खोकला झाला की तो अशक्तपणा असायचा, आणि अशक्तपणाला दूध लागतं. हिचा तेवढा कफ.

मी गप्प का बसले? सून होते, हे उत्तर सोपं आहे. खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. एकदा तिनं चोरून सायीत बोट घातलं, तेव्हा चुलीपुढची फुंकणी उचलून मी तिच्या हातावर मारली. आणि वर म्हणाले, तुझ्याच भल्यासाठी.

शेवटी धाप लागायला लागली तेव्हा नवऱ्यानं गाडी जुंपली. पाटोद्याला दवाखान्यातल्या हकीमसाहेबांनी तिच्या छातीला कान लावला, मग तिचा दंड दोन बोटांत धरून बघितला आणि ती काय खाते ते विचारलं.

"इसकू दूध पिलाव," ते नवऱ्याला म्हणाले. मग माझ्याकडं वळून मराठीत बोलले, "बाई, अंगात ताकदच न्हाई, तर ही पोर खोकल्याशी झगडणार कशानं? जरा खोकली की तुमी परत उपाशी ठेवता. म्हणून तर तो परत परत धरतोय."

घरी आल्यावर सासूबाई उसळल्या. "लई शहाणा हाय तुमचा हकीम! कफात कुणी दूध देतंय व्हय?" नवरा बैल सोडायला गेला.

मला राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आला, याची लाज वाटते. कुणालाही न विचारता मी वाटीभर दूध कोमट केलं, गूळ घातला आणि तिच्या अंथरुणाशी नेलं.

"पी बाई."

तिनं वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागं लपवले.

"नगं माय. खोकला येईल. मी न्हाई मागितलं."

मी वाटी ओठांना लावली, तिनं दात आवळून धरले. दूध हनुवटीवरून गोधडीवर सांडलं, तशी ती रडायला लागली.

पुढच्या आठवड्यात ती गेली. सासूबाईंना मी जन्मभर शिव्या घातल्या. पण त्यांनी तिच्यावर कधी हात उचलला नव्हता.