जिन्याखालची जागा

ते गाणं कुणी लिहिलं, असं मला कुणी विचारलं असतं तर मी हसले असते. लालबागच्या चाळीत वाढलेल्या मुलीला त्या गाण्याचा कवी विचारणं म्हणजे नळाच्या पाण्याचं आडनाव विचारण्यासारखं. संध्याकाळी गॅलरीत पोरं जमली की गाणं आपसूक सुरू व्हायचं. एकानं विचारायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं.

भोंगा कुणी नेला? मांजरानं नेला.
मांजर कुठं गेलं? जिन्याखाली लपलं.
जिन्याखाली कोण?

या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. सगळ्यांनी गप्प उभं राहायचं, श्वास धरून. ज्याला राहवत नाही, जो खुदकन हसतो किंवा घाबरून किंचाळतो, तो बाद. मग आरडाओरडा करत वरच्या मजल्यावर धूम ठोकायची. त्या गप्प क्षणासाठीच मी रोज खेळायला जायची. जिन्याखाली मोडकी पिंपं आणि काळोख, एवढंच होतं. तरी आम्ही कुणी तिकडे बघायचो नाही.

आता हे गाणं सगळीकडे आहे. शाळांच्या गॅदरिंगमध्ये आहे, मोबाइलवर आहे, ज्यांनी आयुष्यात गिरणीचा भोंगा ऐकला नाही अशा पोरांच्या तोंडी आहे. मी दादरला एका लहानशा स्टुडिओत मुलांसाठी गाणी लिहिते. तिथं या गाण्याचा कार्टून व्हिडिओ करायचं ठरलं. आमच्या साहेबांना फक्त एक गोष्ट खुपत होती, ती शेवटची शांतता. तेवढ्यात मुलं बोट मारून पुढं जातात म्हणे. त्यांनी मला उत्तराची ओळ लिहायला सांगितली आणि स्वतःच सुचवून टाकली. जिन्याखाली कोण? भूत! आणि एक गुबगुबीत हसरं भूत उडी मारून बाहेर. मला ते बावळट वाटलं, पण नोकरी म्हटली की असल्या भुतांशी जमवून घ्यावं लागतं.

स्टुडिओच्या वकीलबाईंनी मात्र अडवलं. गाणं लोकगीत आहे याची आधी खात्री करा, म्हणाल्या. शिवाजी पार्कला राहणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मला चहा पाजून सांगितलं की हे गाणं तीनशे वर्षांपूर्वीचं असणार. तीनशे वर्षांपूर्वी भोंगा कुठून आला, हे विचारायचं मी चहाखातर टाळलं. मग मी साधा मार्ग धरला. मला गाणं थोरल्या बहिणीनं शिकवलं होतं. तिला विचारलं, तिनं तिच्या मैत्रिणीचं नाव सांगितलं, मैत्रिणीनं तिच्या मावशीचं. दुसऱ्या चाळीतल्या, तिसऱ्या गल्लीतल्या बायकांनाही विचारलं. प्रत्येकीचा माग मागे मागे जाऊन करी रोडच्या एकाच चाळीशी थांबत होता. तिथल्या एकाच जिन्याशी. हे लक्षात आलं तशी मी भर दुपारी करी रोड गाठलं.

ती चाळ आता नाही. तिच्या जागी टॉवर आहे, आणि चाळीतली जुनी माणसं त्यातच वरच्या मजल्यांवर राहतात. त्यांच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, नव्वदी कधीच ओलांडलेल्या काकींकडे मला पाठवण्यात आलं. नातू-नातसून कामावर गेलेली, काकी घरात एकट्याच. मी गाण्याचं नाव काढलं.

"माझ्या चेडवाचा गाणा ता," म्हणाल्या. "माझ्या पोरीचा."

मुलगी सहा वर्षांची होती. ब्याऐंशीच्या कितीतरी आधी, पन्नास सालच्या संपात बापाची गिरणी बंद पडली आणि सकाळचा भोंगा वाजला नाही, म्हणून तिनं विचारलं, भोंगा कुणी नेला? पुढचं तिनंच रचलं आणि सगळ्या पोरांना शिकवलं. खेळात ती सगळ्यांत बारकी. म्हणून राज्य कायम तिच्यावर, आणि बसायचं जिन्याखाली. पोरं विचारायची, जिन्याखाली कोण? ती आतून ओरडायची, "कोण नाय!" आणि खिदळत बाहेर यायची.

त्या पावसाळ्यात ती तापानं गेली.

"बाराव्यानंतर पोरां परत खेळाक लागली," काकी म्हणाल्या. "मी आत बसलंय. जिन्याखाली कोण, इचारल्यानी, आणि सगळी गप. तिच्या जागेर बसाक कोणच तयार नाय. तिचा बोलना कोणी बोलूक नाय. दुसऱ्या दिसाक पण तसाच. मगे ती पोरां मोठी झाली, दुसरी इली, तेंनी पण तसाच केल्यानी. तेंका काय ठावक, बाय? तेंका वाटला, खेळच असो."

मलाही तसंच वाटलं होतं. माझ्या सगळ्या लहानपणभर मी एका मेलेल्या मुलीची पाळी राखून ठेवत होते आणि त्याला खेळ म्हणत होते.

तेवढ्यात बाहेर पॅसेजमध्ये पोरांचा गलका झाला. संध्याकाळ होत आली होती. गाणं सुरू झालं. भोंगा, मांजर, जिना. मग शेवटचा प्रश्न आला आणि दाराबाहेर एकदम सामसूम झाली. काकींचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण काय म्हणत होत्या ते मला दिसत होतं. बाहेर पोरं किंचाळत पळाली तेव्हा त्यांनी हातातलं फडकं नीट घडी घालून मांडीवर ठेवलं.

मी त्यांना भुताचं सांगितलं. सांगायलाच हवं होतं.

"भूत?" त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीक भूत म्हणतले?"

मी वकीलबाईंना तिथूनच फोन लावला. त्यांनी आधी हळहळ व्यक्त केली आणि मग कायदा सांगितला. गाणं मुलीनं रचलं असेल तर तिच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. ती केव्हाच उलटली. आता ते सगळ्यांचं, त्यात कुणीही काहीही घालावं. "आईंनी स्वतः रचलं असेल तर गोष्ट वेगळी," त्या म्हणाल्या. "मग त्या हयात आहेत तोवर, आणि पुढंही साठ वर्षं, परवानगीशिवाय कुणी हात लावू शकत नाही."

फोन मोठ्या आवाजावर होता. काकींनी सगळं ऐकलं.

"म्हणजे तिचा म्हणून सांगितलंय, तर भूत," त्या म्हणाल्या. "माझा म्हणून सांगितलंय, तर तिची जागा तशीच रवता."

खरं काय ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

दोन दिवसांनी मी कागद घेऊन गेले. हे गीत मी स्वतः रचले आहे, त्यातला कोणताही भाग बदलू नये, शेवटची शांतता आहे तशी ठेवावी. मी वाचून दाखवलं. काकींनी पुन्हा वाचायला लावलं. "स्वतः" या शब्दाशी त्यांनी मला थांबवलं आणि डोळे पुसले. मला स्वतःचा राग आला, कायद्याचा आला, त्या गुबगुबीत भुताचा तर फारच आला. एका सहा वर्षांच्या पोरीच्या नावावर जगात एवढीच एक गोष्ट होती, आणि ती तिच्या आईला काढून घ्यावी लागत होती.

त्यांनी सही केली. एकेक अक्षर दाबून, सावकाश.

"आता कोणी इचारल्यान तर तू पण माझाच नाव सांग," म्हणाल्या. "चेडवाक मी सांगतंय."

दार बंद झालं. मी लिफ्टची वाट पाहत उभी होते. घरात त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं, हे मी आत्ताच पाहिलं होतं. आतून त्यांचा आवाज येत होता, हळू, लाडीगोडीचा. थोडं बोलायच्या, मग थांबायच्या, ऐकून घ्यायच्या, पुन्हा पहिल्यापासून समजावायच्या. लिफ्ट आली आणि गेली. मी ऐकत राहिले. ती काही केल्या ऐकत नव्हती.