ओलं बोट

राष्ट्राची सारी मदार एका ओल्या बोटावर असते, असं आमच्या शाळेतले एक सर मानत. मैदानावर पाऊल टाकलं की ते उजव्या हाताची तर्जनी जिभेला लावत, डोक्यावर उंच धरत आणि थोडं थांबून जाहीर करत, "वारा पूर्वेचा हाय." मग त्या दिवशीचं नेतृत्व, नागरिकत्व आणि विमानविद्या सुरू होई. तेच बोट थोड्या वेळापूर्वी डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीत होतं, हे मुलांना ठाऊक असे. राष्ट्राने तिकडे दुर्लक्ष केलं.

राहुरीजवळच्या आमच्या हायस्कुलात छात्रसेनेचं हवाई पथक होतं. विमान नव्हतं. सरही कधी विमानात बसले नव्हते. या दोन्ही गोष्टींची त्यांना अडचण वाटत नसे. चुन्याची फक्की घेऊन ते मैदानावर खऱ्या मापाचं विमान आखत. पंखांवर मुली, पोटात मुलं आणि नाकाशी त्या दिवसाचा वैमानिक. एकदा गणिताचे सर आपल्याच तंद्रीत त्या विमानातून आरपार चालले होते. आमच्या सरांनी त्यांना अडवलं. "चालत्या विमानातनं उतरू नका, सर." गणिताचे सर थांबले, चुन्याच्या दरवाज्यापर्यंत मागे आले आणि विमान थांबल्याचं कळल्यावर उतरले. आपणही तेच केलं असतं.

नागरिकत्वाचा तास ते विमानातच उरकत. "विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं. पाठीवर वारा घेऊन पळणारा जमिनीवरच ऱ्हातो," एवढाच त्यांचा अभ्यासक्रम. मी मराठी शिकवतो आणि समारंभात माईक माझ्याकडे असतो. थाट शब्दांनी उभा करणारा मीच असल्याने माझा थाटावर विश्वास नाही, आणि सरांचं हे वाक्यही मला फळ्यावर लिहिण्यापुरतंच वाटे.

त्या वर्षी नववीतल्या एस्तेरने दिवाळीपासून खपून हलक्या लाकडाचं एक विमान केलं होतं, हाताने सोडायचं. तिचे वडील कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत कामाला. सव्वीस जानेवारीला छात्रसेनेचे अधिकारी येणार होते. विमान वीस सेकंद हवेत राहिलं, तर एस्तेर राज्याच्या शिबिराला जाणार. संधी एकच, कारण अधिकाऱ्यांना लगेच दुसऱ्या शाळेत जायचं होतं. आणि विमानही एकच.

झेंडावंदन झालं, भाषणं झाली. मग संस्थेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की विमान ते स्वतः सोडणार. ओट्यावर मान्यवर, समोर परेड, मध्ये फोटोग्राफर. सरांनी बोट वर केलं. वारा ओट्याच्या पाठीमागून, कांद्याच्या वावरातून येत होता. ते अध्यक्षांजवळ गेले.

"साहेब, वारा मागनं हाय. तोंड फिरवून सोडा."

"म्हणजे लोकांकडं पाठ करू? फोटोवाले इकडं आहेत, सर."

"इकडं सोडलं तर नाकावर पडंल, साहेब."

"न्हाई पडणार. मी सोडतोय ना."

एस्तेर शेजारीच सावधानमध्ये उभी होती. तिने एक बोट हळूच ओलं केलं आणि पँटच्या शिवणीशी धरलं. सरांनी ते पाहिलं. मीही पाहिलं, पण माझ्या हातात माईक होता, म्हणजे मला काही करता येण्यासारखं नव्हतं.

सर दहा पावलं मागे गेले, कडक उभे राहिले आणि त्यांनी हुकूम सोडला, "मंच, सावधान!" सोफ्यांवरचे सगळे मान्यवर उठले. "पीछे मुड!"

आपल्या जिल्ह्यात शाळेत गेलेल्या माणसाच्या पायांना हा हुकूम कळतो. डोक्याला विचारायला पाय थांबत नाहीत. मुख्याध्यापक वळले, सरपंच वळले, संचालक मंडळ वळलं. हातात विमान धरलेले अध्यक्षही वळले, आणि तेही सगळ्यांत आधी. "छोड!" म्हणताच त्यांनी सोडलं.

मी माईकवर म्हणालो, "मान्यवर आता वाऱ्याला सामोरे जात आहेत."

विमान कंपाउंडवरून वर चढलं, कांद्यावर एक सावकाश वळण घेऊन पाटाच्या कडेला बसलं. अधिकाऱ्यांच्या घड्याळात तेवीस सेकंद भरले. एस्तेर शिबिराला गेली. पेपरात फोटो आला तो अकरा पाठींचा, खाली 'डावीकडून' अशी अकरा नावं.

जूनमध्ये सरांची बदली झाली, राजूरच्या पलीकडे डोंगरातल्या शाखेवर. तिथे छात्रसेना नव्हती. निरोपाच्या चहाला मी त्यांना विचारलं, तिकडे कसं होणार. "वारा लई हाय म्हनं," ते म्हणाले आणि बशीतला चहा संपवला. बदलीच्या कारणाबद्दल ते कधीच बोलले नाहीत. इकडे प्रशिक्षित शिक्षक नाही म्हणून पथक बंद पडलं. चुन्याच्या विमानावरून शाळेची बस फिरू लागली. आता तिथे काही दिसत नाही, पण गणिताचे सर स्टाफरूमकडे जाताना अजूनही पंखाला वळसा घालून दरवाज्यापर्यंत जातात.

एस्तेर आज शिर्डीच्या विमानतळावर काउंटरला असते. मागच्या वर्षी सर निवृत्त झाले, तेव्हा तिने त्यांना हैदराबादचं तिकीट काढून दिलं आणि स्वतःच्या हाताने खिडकीची जागा दिली. आयुष्यातला पहिला विमानप्रवास. उतरल्यावर त्यांनी मला फोन केला. मी विचारलं, "सर, वारा कुठला होता?"

"बोट ओलं केलं हुतं," ते म्हणाले. "खिडकी उघडत न्हाई."