शिक्क्याचा हंडा

हंडा उकळला, तशी झाकणावरची लाख मऊ पडली, लोंबली आणि कोतवालीच्या शिक्क्यासकट चुलीत पडली. मी बघतच राहिलो. शेजारी हंड्याचा मालक, फिरंगी गोलंदाज. समोर कोतवालीचा प्यादा. तो ओरडला, "शिक्का मोडला!"

"मोडला नाही हो, वितळला," मी म्हणालो. पण ऐकतो कोण? आम्हा दोघांना पुढे घालून त्याने थेट चावडी गाठली.

मी कसब्यातला तांबट. तीन पिढ्यांचं दुकान, पण चावडीची पायरी कोणी चढलं नव्हतं. गोलंदाज तोफखान्यात चाकरीला. पुण्यात दारू करायला बंदी, पण या फिरंग्यांना स्वतःपुरती करायची मुभा होती. याची दारू जवाची. मोड आणलेले जव भरडून गरम पाण्यात मुरवायचे, मग त्या पाण्यात काडेचिराईताचा कडू पाला घालून ते उकळायचं आणि निववून रांजणात भरायचं. रांजणात आंबलं की दारू. हंड्यात असतं ते नुसतं गोड पाणी.

"तांबट, हंड्याला काय काय लावावं?" त्याने मला विचारलं होतं. मराठी तो तोफखान्यातल्या गड्यांकडून शिकला होता. त्याला सिंहाच्या तोंडाची मूठ हवी होती, वर घुंगरू हवे होते. मी म्हटलं, घुंगरांनी पाणी उकळत नाही. तळापासून दोन बोटं वर तोटी लावू, म्हणजे गाळ खाली राहील. तोटीच्या तोंडाशी आतून जाळी, म्हणजे पाला अडकणार नाही. झाकणाला वाफेसाठी भोक. आतून कल्हई. बाकी सगळा थाट. त्याने ऐकलं. हंडा असा उतरला की माझाच मला अभिमान वाटला.

मग कोतवालीने अट घातली. दारू एकाच हंड्यात करायची, आणि उकळताना झाकण दोरीने बांधून गाठीवर लाखेचा शिक्का हवा. मधेच कोणी आत जास्तीचा माल टाकू नये म्हणून. पहिल्या उकळीला गोलंदाजाने मला मुद्दाम बोलावलं होतं. जाळ वाढला तसा भोकातून फेस उसळायला लागला. झाकण तर काढायचं नाही! त्याने तोटी सोडून थोडं पाणी घंगाळात काढलं. तिथेच प्याद्याचे डोळे मोठे झाले, आणि तेवढ्यात ती लाख पडली.

चावडीवर नारोपंत कारकून बसले होते.

"शिक्का आहे?"

"पंत, उकळत्या हंड्यावर लाख कशी टिकेल?"

"लाख वितळते हे आम्हाला ठाऊक नाही, असं वाटतं का आपल्याला? मी विचारलं, शिक्का आहे?"

"नाही."

"म्हणजे मोडला. आता तोटी. झाकण न उघडता आतलं बाहेर येतं?"

"हो, त्यासाठीच तर..."

"हो म्हणाले. लिहून घ्या," पंतांनी शेजारच्या लेखनिकाला सांगितलं.

एवढ्या हौसेने लावलेली तोटी माझ्याच गळ्याशी आली होती.

गोलंदाज पुढे झाला. "पंत, त्यात दारू न्हाई. निस्तं जवाचं पानी हाय. घ्या, चाखून बघा." त्याने घंगाळ सोबत आणलं होतं.

पंत गादीवर मागे सरकले. फिरंग्याच्या हातचं पाणी! त्यांनी प्याद्याकडे पाहिलं. प्याद्याने गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. सबंध चावडीत ते पाणी जिभेला लावणारा एक माणूस निघेना. पुरावा समोर वाफाळत होता आणि सगळे त्याच्यापासून हातभर लांब.

"चाखलेलं नाही, म्हणजे दारू नव्हे असं ठरलेलं नाही," पंत म्हणाले. हुकूम झाला. हंडा शिक्क्यातच राहील. शिक्का वितळता कामा नये, म्हणून हंड्याखाली जाळ करायचा नाही. तोटी बुजवावी. बुजेपर्यंत तांबटाच्या दुकानाला टाळं.

मी हादरलोच. ऐन लग्नसराई. लोकांच्या मुलींची भांडी आत, आणि ती वेळेवर गेली नाहीत तर कसब्यात पुन्हा कोण मला काम देणार?

"पंत, तोटी बुजवायला डाग द्यावा लागतो. त्याला भट्टी लागते. भट्टी दुकानात आहे."

"मग लाखेने बुजवा. जाळ करायचाच नाही म्हटल्यावर वितळेल कशी?"

स्वतःच्या हाताने केलेल्या तोटीत मी लाख कोंबली. पंतांनी वर शिक्का उठवला. माझं दुकान उघडलं. हंडा गोलंदाजाच्या पडवीत थंडगार बसला, आणि त्याच्या राखणीला प्यादा.

दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक म्हणून गोलंदाजच हजर. "तांबट, येक पातेलं पायजे. मोठं. तोटी, जाळी, भोकाचं झाकण, समदं लाव."

हातातला हातोडा तसाच टाकून मी चावडीवर पळालो आणि पंतांना सगळं सांगून टाकलं.

पंतांनी मान वर केली नाही. "हुकूम हंड्याचा आहे. पातेल्याबद्दल इथे काही आलेलं नाही."

पातेलं अजून रोज उकळतं. प्यादा त्याच्याकडे पाठ करून हंड्याची राखण करत बसतो. उकळायच्या भांड्याला काय लावावं असं मला आजही लोक विचारतात. तोटी, जाळी, भोकाचं झाकण, मी सांगतो. पण त्याआधी भांड्याचं नाव काय ठेवायचं ते चावडीवर विचारून या.