गुलाबी फेट्याचे मामा

अकोल्यात दोघांपुढं कुणाचं काही चालत नसे, एक वैशाखातलं ऊन आणि दुसरे माझे मामा. उन्हावर वाळ्याच्या पडद्याचा उपाय तरी होता. मामांवर तोही नव्हता. कापूस बाजाराजवळ त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. सदरा, बंडी, वकिलांचा काळा कोट, म्हणाल ते शिवून देत, फक्त टोपी शिवत नसत. स्वतःच्या डोक्यावर मात्र असा गुलाबी फेटा बांधत की समोरून येणारा आधी फेटा पाही आणि मग, जमलं तर, मामांना. उंचीनं बेताचे, अंगानं तुरीची काडी. दुरून बघणाऱ्याला वाटे, फेटाच एकटा फिरायला निघालाय.

टोपीचा त्यांना मनापासून राग. "टोपी शिवली की झाली," ते म्हणत, "आज तुया डोक्यावर, उद्या दुसऱ्याच्या. फेटा पाय, रोज सकाळी आपल्या हातानं बांधा लागते. रोज आठवण राह्यते का डोकं आपलं हाय." निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी कार्यकर्त्यांसाठी ढीगभर पांढऱ्या टोप्या शिवायला घेऊन आले. मामांनी शिलाईयंत्र थांबवलं, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, लोकायले टोपी घालाचं काम तुमीच करून राहिले ना? मंग शिवाचंबी तुमीच करा." पुढारी हसत हसत गेले, पण त्यांच्या घरचं शिवणकाम पुन्हा कधी मामांकडे आलं नाही. मामींनी त्या दिवशी फेट्याचा उद्धार केला. मामांनी तो कौतुक समजून ऐकून घेतला.

टॉकीजमध्ये तर दर खेपेला वाद. मागचा माणूस ओरडे, "ओ भाऊ, फेटा काढा, काई दिसून नाई राहिलं!" मामा उठत, मागं वळत आणि अगदी गोडीनं म्हणत, "तुमी समोर या. मी मांगं बसतो. पण फेटा निंगणार नाई." असं मागं मागं सरकत शेवटी ते भिंतीला टेकत, आणि तिथून नायिकेपेक्षा स्वतःच्या पाठीमागच्या भिंतीवर जास्त खूश असत.

हा हट्ट हवेतून आलेला नव्हता. मामांचं गाव दर्यापूरकडचं. आम्ही दीक्षा घेऊन बौद्ध झालो, त्याआधीच्या काळात आमच्या वस्तीतला माणूस पाटलांच्या ओट्यापुढून निघाला की डोक्याचा पटका काढून काखेत धरी आणि वाकून पुढं जाई. तोच माणूस तालुक्याच्या कचेरीत उघड्या डोक्यानं गेला, तर तिथला शिपाई खेकसे, "डोकं झाकून ये, रीत नाही काय?" मामा हे सांगताना उसळत. "इकडे झाका, तिकडे उघडा! मानसाचं डोकं हाय का डब्याचं झाकन?" पाटलांच्या घरच्या लग्नात पाहुण्यांना गुलाबी फेटे बांधले होते आणि मामांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, उघड्या डोक्यानं मशाल धरून वरातीपुढं चालले होते. लहानग्या मामांनी ते पाहिलं. गुलाबी रंग तिथून आला.

दीक्षेनंतर काही वर्षांनी गावात मामांच्या पुतणीचं लग्न निघालं. नवरदेवाकडची मंडळी अमरावतीची. त्यांना वेशीवरून मिरवत आणायचं आणि तेही ओट्यापुढच्या रस्त्यानं, असं मामांनी ठरवलं. मी तेव्हा अमरावतीला नुकताच नोकरीला लागलो होतो. सुट्टी काढून गेलो. सकाळी मामांनी आजोबांना अंगणात बसवलं आणि नवाकोरा गुलाबी फेटा बांधायला घेतला.

"राहू दे ना रे," आजोबा म्हणाले. "तुमी जा समोर. मी घरी बसतो."

"बा, आज तू सगळ्यायच्या समोर राह्यशील."

"अन् काई झालं तं?"

"झालं तं माया डोक्यावर," मामा म्हणाले आणि गाठ आवळली.

पाहुण्यांना आणायला आम्ही वाजतगाजत वेशीकडे निघालो. पाटलांचा ओटा जवळ आला तशी वाजंत्री जराशी मंदावली. बायका एकमेकींना चिकटून चालू लागल्या. ओट्यावर म्हातारे पाटील बसले होते आणि त्यांच्यामागं चार तरणी माणसं उभी. आजोबांची पावलं थांबली. त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला आणि फेट्याला लागला. मी मामांकडे पाहिलं. वाटलं, आता हे तो हात धरणार. मामांनीही हात उचलला होता. पण तो त्यांनी तसाच खाली घेतला.

"बा," ते हळू म्हणाले, "ठेव नाईतं काढ. तुया मनानं कर. कोनाच्या सांगन्यानं नोको."

आजोबा तसेच उभे राहिले. मग फेट्याला लागलेल्या हातानं त्यांनी मागं सोडलेला शेमला खांद्यावर नीट केला आणि चालू लागले.

"काहून रे," ओट्यावरून आवाज आला, "बापालेबी बांधला काय?"

"हो पाटील," मामा म्हणाले. "खरं तं त्यालेच पह्यले बांधाचा होता. जरा उशीर झाला."

ओट्यावरचा एक तरणा पायरी उतरला. पाटलांनी त्याच्याकडे पाहून नुसती मान हलवली, तसा तो थांबला. पाटलांच्या मनात काय होतं, मला आजही माहीत नाही. आमच्या वाजंत्रीवाल्यांनी मात्र असा ठेका धरला की वेशीवरच्या पाहुण्यांना वाटलं, लग्न लागून गेलं.

माझी सुट्टी शिल्लक होती, म्हणून मीही मामांबरोबर अकोल्याला निघालो. परतीच्या एसटीत मामा खिडकीशी बसले. मला वाटलं होतं, अकोल्यापर्यंत त्या एका उत्तराचीच उजळणी होईल. मी विषयही काढून पाहिला. ते बाहेरच्या पऱ्हाटीकडे, कपाशीच्या उभ्या पिकाकडे पाहत राहिले.

"हात पाह्यला काय बाचा?" ते म्हणाले. "मी जल्मभर ओट्यावरच्या पाटलाशी भांडून राहिलो. मले काय माईत, तो बाच्या हातात जाऊन बसला म्हून."

एसटीत गर्दी वाढत गेली, कुणी खांद्यावर रेललं, कुणाची पिशवी त्यांच्या पायावर आली. मामा कुणाशीही भांडले नाहीत.