साडूभाऊंनी दिलेली होडी

फुकट काही मिळालं की भिंगसाहेबांची झोप उडायची. भिंग हे नाव कचेरीतल्यांनी ठेवलेलं. विमा कंपनीत त्यांचा जन्म गेला तो जळालेली गोदामं आणि चेपलेल्या गाड्या तपासण्यात. आग लागली की लावली, हे राखेत बोटं घालून सांगत. निवृत्त झाल्यावर राख संपली, सवय मात्र अंगात तशीच राहिली. भाजीवाल्यापासून जावयापर्यंत सगळे त्यांच्या नजरेखालून जात.

अशा माणसाला साडूभाऊंनी आपली शिडाची होडी देऊन टाकली. तीही जेवता जेवता, मीठ पुढे सरकवावं तशी.

"घेऊन जा तुम्ही. मला कंटाळा आलाय तिचा."

साडूभाऊ म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पेशाने नकाशे काढणारे आणि कमालीचे टापटीप. ती छोटी, वर फळ्यांचं बंद छत असलेली होडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. रंग, वॉर्निश, शिडाचे टाके, सगळं स्वतःच्या हाताने. त्या माणसाला होडीचा कंटाळा?

"कुठेतरी पाणी मुरतंय," घरी येताना भिंगसाहेब म्हणाले.

"तुम्हाला कुणी नमस्कार केला, तर तुम्ही त्याचे हातसुद्धा तपासाल," बायको म्हणाली.

दुसऱ्याच आठवड्यात पाणी खरोखरच सापडलं. धक्क्याला बांधलेल्या होडीत उतरून त्यांनी तळाची फळी उचलली, तर खाली बोटभर पाणी. भिंगसाहेबांना धक्का बसायच्या ऐवजी बरंच वाटलं. संशयाला पुरावा मिळाला होता.

"तळाला भेग असणार. वरून रंग फासून आपल्या गळ्यात मारलीय."

त्यांनी होडी पाण्याबाहेर काढून होड्यांच्या आवारात लाकडी टेकूंवर चढवली. मग सुरू झाली तपासणी. तळाचा रंग सँडपेपरने घासून काढला. रबरी हातोडीने इंच न् इंच ठोकून आवाज ऐकला. पोकळ आवाज कुठेच नाही, केसाएवढी भेगही नाही. खांदे मात्र भरून आले आणि बायकोने त्यांचे निळ्या धुळीने माखलेले कपडे घरात घ्यायला साफ नकार दिला.

मग एकदा पाऊस पडून गेला. भिंगसाहेब आवारात गेले, फळी उचलली, आणि बघतच राहिले. जमिनीवर उभ्या असलेल्या होडीत पाणी!

क्षणभर त्यांना वाटलं, कुणीतरी मुद्दाम ओततंय. आवाराच्या राखणदाराकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं, की तो बिचारा म्हणाला, "साहेब, मी फक्त फाटक उघडतो." मग त्यांनी मान वर केली. पाणी खालून येतच नव्हतं.

बायकोला टॉर्च देऊन छताखाली बसवलं आणि स्वतः वर नळी घेऊन उभे राहिले. एकेका जागी पाण्याची धार सोडत गेले.

"आलं का?"

"नाही."

"आता?"

"आलं! अहो, माझ्या मानेवरच आलं!"

धार होती एका नव्या कोऱ्या कठड्यापाशी. गेल्या एक-दोन वर्षांत साडूभाऊंनी होडीवर बऱ्याच सुधारणा केल्या होत्या. धरायला जागोजागी चकचकीत कठडे. डोलकाठीपाशी जाऊन ओढायचे दोर कप्प्यांवरून फिरवून थेट बसायच्या जागेपर्यंत आणलेले. गाठी होत्या तिथे दोर अडकवायला मोठाले आकडे. सुकाणूच्या दांड्याला जाडजूड कापडी वेष्टण. घेणाऱ्याला भुलवायला केलेला थाट, असंच भिंगसाहेब आजवर समजत होते.

त्यांनी कठडा खोलला. खालचं भोक तिरपं होतं. शेजारी ड्रिल घसरल्याचे ओरखडे, आणि फटी बुजवायचं सीलंट लहान मुलाने पेस्ट सांडावी तसं फासलेलं. दुसरा कठडा खोलला, तीच गत. कप्प्यांखालीही तेच.

"हे काम त्यांचं नाही," भिंगसाहेब म्हणाले. "कुणातरी अडाण्याकडून उरकून घेतलंय."

ते तडक आवारातल्या सुताराकडे गेले. सुतार रंधा मारता मारता म्हणाला, "छे! मी दोनदा विचारलं त्यांना, मी लावून देऊ का म्हणून. अंगावर आले माझ्या. आवारात कुणी नसेल तेव्हाच यायचे काम करायला."

भिंगसाहेब परत होडीत येऊन बसले. आकडे, कठडे, जाड वेष्टण. आजवर ते एकेक वस्तू वेगळी पाहत होते. आता त्यांनी त्या एकत्र पाहिल्या. हा थाट नव्हताच. गाठ मारता येत नाही, तोल जातो, पकड सुटते, अशा माणसाने कुणाला कळू न देता केलेली ती सोय होती.

संध्याकाळी ते साडूभाऊंकडे गेले. चहा आला. साडूभाऊंनी कपाला हात लावला नाही. उजवा हात मांडीखाली होता. वहिनी, म्हणजे बायकोची थोरली बहीण, आत गेल्यावर भिंगसाहेब हळूच म्हणाले, "चहा निवतोय."

"मला गरम लागत नाही."

"हात दाखवा."

"चौकशी लावलीय का माझी?"

"भोकं पाहिली मी, भाऊ. सगळी."

साडूभाऊंनी हात बाहेर काढून टेबलावर ठेवला. तो थरथरत होता. "साधी गाठ बसत नाही हो," ते म्हणाले. "हिला सांगू नका. डॉक्टरांकडे गेलो की नाव पडेल त्याला काहीतरी."

भिंगसाहेबांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने डोळे पुसले आणि बहिणीला फोन लावला.

साडूभाऊंचा जळफळाट झाला. "तुम्हाला होडी दिली होती, माझी पाहणी करायला नव्हतं सांगितलं," एवढं फोनवर ऐकवून त्यांनी बोलणंच टाकलं. पण वहिनींनी त्यांना डॉक्टरांकडे नेलंच. आजाराला नाव पडलं, गोळ्या सुरू झाल्या. थरथर गेली नाही, पण उतरली.

मधल्या काही महिन्यांत भिंगसाहेबांनी प्रत्येक भोक एपॉक्सी गोंदाने बुजवलं, सुकू दिलं, सरळ ड्रिल केलं आणि ताज्या सीलंटवर एकेक वस्तू जिथल्या तिथे बसवली. कठडे काढून टाका, होडी मोकळी दिसेल, असं सुतार म्हणाला. भिंगसाहेबांनी ऐकलं नाही. राहून राहून त्यांना वाटायचं, आपण चुगली केली की काय. याचं उत्तर मात्र त्यांच्या भिंगात दिसेना.

होडी परत पाण्यात सोडली त्या दिवशी वहिनींबरोबर साडूभाऊ धक्क्यावर आले. कुणाशी न बोलता होडीत उतरले. कठड्यावरून बोट फिरवलं, वाकून स्क्रू पाहिले, फळी उचलून खाली नजर टाकली.

"कोरडी आहे," ते म्हणाले. जरा थांबून पुढे, "वॉर्निश मात्र भिकार लावलंय."

"मग तुम्ही लावा पुढच्या वेळी."

साडूभाऊ सुकाणूपाशी बसले. भिंगसाहेबांनी शीड चढवायला दोर हातात घेतला आणि मध्येच थांबले.

"सकाळची गोळी घेतलीत?"

"घेतली."

"पाकीट दाखवा."

"काय संशयी माणूस आहे हा," साडूभाऊ धक्क्यावरच्या दोघी बहिणींकडे बघून म्हणाले, आणि त्यांनी खिशातून पाकीट काढलं.