पहिल्या रांगेतलं वांगं

माझा साडू शिरीष वाईट माणूस नाही, असं मी लग्न झाल्यापासून स्वतःला समजावतो आहे. पण त्याला नाटकाची तिकिटं नेहमी पहिल्या रांगेतली मिळतात. आम्ही मुलुंडला लॅपटॉपसमोर बुकिंग उघडायची वाट बघत बसतो. तो घाटकोपरला चहा पिता पिता मोबाईलवर अंगठा फिरवतो आणि खुर्च्या घेऊन जातो. मग सासूबाई येईल-जाईल त्याला सांगतात, "शिरीषरावांमुळे नटाच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसला." (मी काढलेल्या तिकिटावर त्यांना पुढच्या बाईंचा अंबाडा दिसला होता. तेही सांगतात.)

म्हणून यंदा त्यांच्या वाढदिवसाला रहस्यनाटकाची तिकिटं मी काढणार, असं मी जाहीर करून टाकलं. ऑफिसात माझं काम वेबसाईट तपासायचं. त्यासाठी मी प्रोग्रॅम लिहितो. तो ब्राउझर आतल्या आत चालवतो: पान उघडतो, नाव भरतो, बटणं दाबतो, पण स्क्रीनवर काही दिसत नाही. चित्रं दाखवण्यात वेळ जात नाही, त्यामुळे काम झटपट. शिरीषच्या अंगठ्याची काय बिशाद!

"याला हेडलेस म्हणतात," मी बायकोला सांगितलं. "म्हणजे बिनडोक."

"लिहिणाऱ्यावरून नाव ठेवलंय का रे?" मीनल म्हणाली. मग काळ्या स्क्रीनकडे बघून, "यात काहीच दिसत नाहीये."

"दिसायला नकोच आहे."

"मग मध्येच त्याने काही विचारलं तर?"

"काहीही विचारलं तरी 'हो' दाब, असं लिहून ठेवलंय. विचार करण्यात वेळ घालवायचा नाही."

बुकिंग उघडलं आणि मला चहाचा घोट घ्यायचीही सवड न देता मेसेज आला. त्यातलं 'पहिली रांग' एवढंच मी वाचलं. तेवढीच ओळ कापून फॅमिली ग्रुपवर टाकली. शिरीषने नुसता अंगठा पाठवला. तो अंगठा बघून मला दिवसभर भूक लागली नाही, इतकं पोट भरलं.

रविवारी सकाळी नाट्यगृहाबाहेर सगळीकडे मुलंच मुलं. गळ्यात पाण्याच्या बाटल्या, हातात वेफर्स.

"हेमंत, रहस्यनाटकाला एवढी पोरं?" शिरीषने विचारलं.

"आजकालची मुलं हुशार असतात," मी म्हणालो. तेवढ्यात दारावरचा फलक दिसला. भाजीमंडईवरचं बालनाट्य होतं.

मी कोपऱ्यात जाऊन प्रोग्रॅमने ठेवलेली नोंद मोबाईलवर पाहिली. रहस्यनाटक पहिल्या झटक्यातच भरलं होतं. साइटने विचारलं होतं, 'त्याऐवजी बालनाट्य चालेल?' माझा प्रोग्रॅम म्हणाला, हो. 'पहिली रांग हवी?' हो. 'मुलाला रंगमंचावर भाग घ्यायला आवडेल?' हो.

"आता आलोच आहोत तर बघू," सासूबाई पहिल्या रांगेत ऐसपैस बसत म्हणाल्या. मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात स्टेजवरची ताई माइकवर म्हणाली, "आणि आता वांगं व्हायला येतोय आपला छोटा दोस्त हेमंत!"

मीनलने मला हळूच ढकललं. "जा. 'हो' म्हणालायस ना?"

छोट्या दोस्ताचं टक्कल बघून ताईने हातातली यादी पुन्हा वाचली. मग तिने मला जांभळ्या फोमच्या पोशाखात घुसवायचा प्रयत्न केला. तो लहान मुलाच्या मापाचा होता. पोटाशी अडकला. देठ मात्र डोक्यावर नीट बसला. पोरं खिदळत होती, सासूबाई डोळे पुसत हसत होत्या, आणि खरं सांगतो, मला ते आवडायला लागलं. शिरीषसाठी त्या एवढ्या कधी हसल्या नव्हत्या.

"आता राजा हवा," ताई म्हणाली. "कुणीतरी रुबाबदार." आणि तिने सरळ पहिल्या रांगेकडे बोट केलं. "काका, तुम्ही या ना."

शिरीष उठला. त्याला मुकुट मिळाला, शेला मिळाला, सिंहासन मिळालं. एक ओळ कोड न लिहिता!

"बघा, किती शोभतात," सासूबाई शेजारच्या बाईंना म्हणाल्या. "आमचे जावई."

"आणि ते वांगं?" बाईंनी विचारलं.

सासूबाई फक्त टाळ्या वाजवत राहिल्या. मी राजाला वाकून मुजरा केला. आतून असा जळत होतो, की कुणी फक्त कांदा-कोथिंबीर घालायचीच खोटी, तिथल्या तिथे भरीत तयार होतं.